इटलीत स्वयंपाक शिकायचाय, वाइन समजून घ्यायचीय? मग आधी गावं कमी करा

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, ऑक्टोबरात दोघंच इटलीला निघालेत, हातात नऊ रात्री आहेत. यादीत मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, पिसा आणि रोम. त्यातच फ्लोरेन्सहून क्यांतीच्या द्राक्षमळ्यांची एक दिवसाची वाइन टूर आणि रोमला तीन तासांचा पास्ता क्लास बसवायचाय. ताई शाकाहारी आहेत, अंडं चालतं. यजमान ‘सगळं खातात’. वाइन दोघांनी नाशिकला एकदाच चाखली आहे. कोणता क्लास आणि कोणती टूर घ्यावी, एवढंच त्यांनी विचारलंय.

मी मूळची साताऱ्याची. बोलोन्यात येऊन चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं इथल्या एका लहानशा स्वयंपाकशाळेत काम करतेय. दुभाषी म्हणून शिरले, मग स्वतः शिकले, आता नवशिक्यांना पास्ता लाटायला शिकवते. त्यामुळे माझं मत बोलोन्याकडे झुकलेलं असणार हे आधीच सांगते. पण ते का झुकलंय तेही सांगते, म्हणजे तुम्हाला पटलं नाही तर दुसरीकडे वळता येईल.

ताई, तुमच्या प्रश्नात खरी अडचण क्लासची दिसत नाही, वेळेची दिसते. नऊ रात्रींत पाच गावं म्हणजे दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरणं आणि स्टेशन गाठणं. अशा धावपळीत बसवलेला तीन तासांचा क्लास हा फोटोपुरता होतो. हाताला काही लागत नाही, कारण हाताला लागायला तीच गोष्ट दुसऱ्यांदा करावी लागते. पोळी शिकलात तेव्हा पहिल्या दिवशी आली होती का? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कणीक मऊ की घट्ट हे बोटांना कळायला लागलं असेल. इथंही तेच आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच आग्रह करते: एका गावात निदान चार-पाच रात्री राहा, आणि तोच पास्ता एक दिवस सोडून पुन्हा लाटा.

गाव कोणतं निवडायचं, हे तुमच्या घरात काय चालतं त्यावर आहे. इटलीचा पास्ता ढोबळमानाने दोन जातींचा. उत्तरेला, विशेषतः आमच्या एमिलिया-रोमान्यात, मऊ गव्हाचा बारीक मैदा आणि अंडं. पाणी घालत नाहीत. दक्षिणेला डुरम गव्हाचा रवाळ आटा आणि पाणी, अंडं नाही. तुम्हाला अंडं चालतं म्हणून मी बोलोन्या सुचवते. चालत नसतं तर सरळ पुल्याला, बारीला जा म्हटलं असतं. बारीच्या जुन्या गावात बायका दारात पाट मांडून ओरेक्किएत्ते करत बसलेल्या असतात. कणकेच्या वळीचा लहान तुकडा सुरीने ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की कानाच्या पाळीसारखी वाटी होते. आपल्याकडे लग्नाच्या रुखवतासाठी गव्हले, नखुले, मालत्या केलेल्या बायकांच्या हाताला हे काम पंधरा मिनिटांत जमतं, मी पाहिलंय. तोस्कानात सिएनाच्या दक्षिणेला पिची करतात, तेही बहुतेक घरांत मैदा, पाणी आणि थोडं तेल इतकंच. हाताने वळलेल्या जाड शेवयाच म्हणा. म्हणजे अंडं नको असेल तरी शिकायला भरपूर आहे, फक्त गाव बदलतं.

शाकाहाराबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही. पार्मिजानो रेज्जानो चीजचं दूध वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने साकळवतात, आणि हे त्याच्या नियमांतच आहे. रिकोटाही बहुतेक वेळा अशाच चीजच्या उरलेल्या निवळीपासून होते. इथल्या लोकांच्या लेखी चीज शाकाहारी असतं, त्यामुळे ‘व्हेजिटेरियन मेनू’ म्हणून तुमच्यापुढे हेच येईल. तुम्ही पुण्यात पिझ्झावरचं चीज खाताना याचा विचार करत नसाल तर इथंही अडणार नाही. घरात ते चालत नसेल तर आधी कळवा आणि ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं लिहून द्या. दुसरं म्हणजे चरबी. रोमान्यातली पियादीना आपल्या पोळीसारखी दिसते, पण तिच्यात परंपरेने डुकराची चरबी, स्त्रुत्तो, पडते. ऑलिव्ह तेलाचीही मिळते, विचारून घ्यायची. मोदेनाकडचा न्योक्को फ्रित्तो पुरीसारखा टम्म फुगून येतो, तो पुष्कळदा चरबीतच तळलेला असतो. आणि ब्रोदो, म्हणजे रस्सा, मांसाचाच धरून चला.

यजमान ‘सगळं खातात’ याचा अर्थही घरी एकदा विचारून घ्या. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या बाबतीत ‘सगळं’ म्हणजे चिकन, मटण आणि मासे. बोलोन्याच्या रागूत, म्हणजे पास्त्यावरच्या खिम्याच्या दाट सॉसमध्ये, गोमांस असतं, तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचं मांस, प्रोश्शुत्तो (डुकराची खारवलेली मांडी) आणि मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचा जाड सॉसेज). गेल्या वर्षी एक गृहस्थ अगदी उत्साहाने आले आणि सारण पाहून अडले. ऐनवेळी त्यांच्यासाठी काही वेगळं करणं आम्हाला शक्य नव्हतं, ते तसेच बसून राहिले, मलाच फार वाईट वाटलं. आधी कळलं असतं तर त्यांनाही मी तोर्तेल्लोनीला बसवलं असतं.

तुम्ही शिकायचेत ते हेच तोर्तेल्लोनी. नावं सारखी असली तरी तोर्तेल्लिनी लहान, मांसाचे, रश्श्यात. तोर्तेल्लोनी मोठे, आत रिकोटा, पार्मिजानो, बारीक चिरलेली पार्स्ली आणि किंचित जायफळ, वरून लोणी आणि सेजची पानं. यजमानांसाठी त्याच पोळीचे ताल्यातेल्ले, म्हणजे लांब पट्ट्या, कापता येतात. एकाच पोळीतून दोघांची ताटं होतात, म्हणून जोडप्यांना मी हा बेत नेहमी सुचवते.

आता ती पोळी. इथं तिला स्फोल्या म्हणतात, लाटणारीला स्फोलिना, लाटण्याला मात्तारेल्लो आणि पाटाला ताल्येरे. प्रमाण तोंडपाठ व्हावं इतकं सोपं: 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं. मैद्याचं आळं करायचं, मधे अंडी फोडायची, काट्याने फेटत कडेचा मैदा आत ओढायचा, मग तळहाताच्या टाचेने दहा-पंधरा मिनिटं मळायचं. गोळा गुळगुळीत झाला की झाकून अर्धा तास ठेवायचा. इथपर्यंत आपल्याला काहीच नवं नाही. नवं पुढं आहे.

पहिल्या दिवशी मी पाटावर उभी राहिले तेव्हा मनात होतं, पोळ्या लाटण्यात आयुष्य गेलंय, हे काय अवघड. आपण पोळी लाटताना लाटणं दाबतो, आणि दाब नीट पडला की पोळी आपोआप फिरते. मीही दाबलं. पोळी मधे पातळ, कडेला जाड झाली आणि तिसऱ्या फेरीत मधेच फाटली. शिकवणाऱ्या बाईंनी माझे दोन्ही हात उचलून लाटण्याच्या मधोमध ठेवले आणि म्हणाल्या, “दाबू नको, लांबव.” मग त्यांनी करून दाखवलं. पोळीची वरची कड लाटण्याभोवती गुंडाळायची, गुंडाळी पुढंमागं फिरवत असतानाच हात मधून बाहेरच्या टोकांकडे सरकवत न्यायचे. जोर खाली जात नाही, आडवा जातो. मग उलगडायची, थोडी वळवायची, पुन्हा तेच. पोळी मोठी झाली की तिचा एक भाग पाटाच्या कडेवरून आपल्या बाजूला लोंबता सोडतात आणि पोटाने हलकेच अडवून धरतात, म्हणजे तिच्याच वजनाने ती ताणली जाते. पाट लाकडीच हवा. लाकडाच्या रेषा पोळीवर उमटतात, पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो आणि लोणी किंवा रागू त्याला धरून राहतो. संगमरवरावर किंवा स्टीलवर लाटलेली पोळी गुळगुळीत होते, सॉस तिच्यावरून घसरतो.

पुरती पातळ झाली का, हे पाहायची इथली जुनी रीत आहे: पोळी उजेडाकडे धरली तर तिच्यातून सान लूका दिसलं पाहिजे. सान लूका म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचं देऊळ. आमच्या शाळेच्या खिडकीतून ते दिसत नाही, समोरच्या इमारतीच्या हिरव्या झडपा दिसतात. ज्या दिवशी पोळीतून मला त्या झडपांच्या पट्ट्या मोजता आल्या, तो दिवस माझ्या लक्षात आहे. सहावी का सातवी पोळी असेल ती.

म्हणूनच म्हणते, दोनदा लाटा. पहिल्या दिवशी पोळी बहुधा फाटते किंवा जाड राहते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फाटली तर चौकोनी-वेडेवाकडे तुकडे करायचे, त्यांना इथं माल्तल्याती, म्हणजे ‘वाईट कापलेले’, असं रीतसर नाव आहे आणि वरणासारख्या दाट कडधान्याच्या सूपमध्ये ते घालतात. मधला एक दिवस हात विसावतो. तिसऱ्या दिवशी तुम्हीच सांगाल की आज पीठ कोरडं झालंय. माझ्या वर्गात दोनदा येणाऱ्यांत आणि एकदाच येणाऱ्यांत हा फरक दर वेळी दिसतो.

ताल्यातेल्लेच्या रुंदीबद्दल बोलोन्याचे लोक फार काटेकोर आहेत. 16 एप्रिल 1972 रोजी इटालियन पाककला अकादमीने तिचं माप इथल्या व्यापारी मंडळात, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्समध्ये, रीतसर नोंदवलं: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. रागूची पाककृतीही 1982 मध्ये तिथंच नोंदली गेली आणि 2023 मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती आली. मोदकाला किती कळ्या असाव्यात यावर आपल्याकडे जशी घराघरांत चर्चा होते, तशी इथं रागूत दूध घालावं की नाही यावर होते. मला हे फार आवडतं. अन्नाला इतकं मानणारं गाव शिकायला चांगलं.

क्लास कसा ओळखायचा? नाव कुणाचं सांगत नाही, कारण शिकवणारे बदलतात. पण बुक करण्याआधी मेल करून चार गोष्टी विचारा. प्रत्येकाला वेगळा पाट आणि लाटणं आहे का. पीठ स्वतः मळायचं की तयार मिळणार. मशीन वापरतात की हाताने लाटतात. आणि एका वेळी किती जण. आठाच्या वर असतील तर मी जात नाही. एकदा पुण्या-मुंबईच्याच एका गटाला घेऊन मी दुसऱ्या शहरातल्या एका क्लासला गेले होते. बावीस जण, पिठाचे गोळे आधीच मळून ठेवलेले, आम्ही फक्त मशीनचा दांडा फिरवला आणि आकार कापले. जेवायला बसलो तेव्हा ताटात आलेला पास्ता आम्ही केलेलाच नव्हता. रंगावरून कळत होतं. तेव्हापासून ‘आम्ही केलेलंच आम्ही जेवणार ना?’ हा पाचवा प्रश्नही मी विचारते. चांगली शाळा या प्रश्नांना सविस्तर उत्तर देते. उत्तरात नुसते फोटो आणि पैसे भरायची लिंक आली तर पुढं पाहा.

घरगुती वर्गांचा पर्यायही आहे. कुणाच्या तरी घरी जाऊन त्यांच्याच ओट्यावर शिकायचं, त्यांच्याच टेबलावर जेवायचं. शिकवणं शाळेइतकं शिस्तीत होईलच असं नाही, पण घरात माणसं बोलतात, आणि पुष्कळसं त्या बोलण्यातून कळतं. दोन वर्गांपैकी पहिला शाळेत आणि दुसरा घरी, असं जमलं तर उत्तम. वाचनाची आवड असेल तर एक दिवस फोर्लिंपोपोलीला जाऊन या. इटलीच्या घरगुती स्वयंपाकाचं सर्वांत गाजलेलं पुस्तक 1891 मध्ये लिहिणारे पेल्लेग्रीनो आर्तूझी या गावचे. तिथल्या एका जुन्या मठाच्या इमारतीत 2007 पासून त्यांच्या नावाने ‘काझा आर्तूझी’ चालतं. स्वयंपाकशाळा, ग्रंथालय आणि खानावळ एकत्र. बोलोन्याहून रिमिनीकडे जाणारी प्रादेशिक गाडी तिथं थांबते.

आता वाइन. तुम्ही क्यांतीची टूर म्हणताय. क्यांती सुंदर आहे, यात वाद नाही. पण एका दिवसात बसने तीन तळघरं, प्रत्येक ठिकाणी चार पेले, मधे घाईचं जेवण, असा तो दिवस असतो. वाइन ज्यांना नवी आहे त्यांना दुसऱ्या तळघरानंतर चव वेगळी कळत नाही, संध्याकाळी डोकं तेवढं दुखतं. इथं वाइन ही ताटातली गोष्ट आहे. जेवणाबरोबर एक-दोन पेले, पाणी शेजारी. म्हणून नवशिक्यांना मी सांगते, एका दिवशी एकच तळघर, आणि तेही जिथं सोबत खायला मिळतं असं.

माझी निवड मोदेनाची लाम्ब्रुस्को. बोलोन्याहून मोदेना प्रादेशिक गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. लाम्ब्रुस्को म्हणजे बुडबुड्यांची लाल वाइन. बाहेरच्या देशांत तिचं गोड, स्वस्त रूप जास्त पोचलं, त्यामुळे अजून काही लोक तिला कमी लेखतात. इथं येऊन कोरडी, म्हणजे ‘सेक्को’ लिहिलेली मागा. ‘आमाबिले’ थोडी गोड, ‘दोल्चे’ गोड. शहराच्या उत्तरेला सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांच्या मधल्या सपाट भागात सोर्बारा जातीची द्राक्षं होतात. या वेलीच्या फुलांचे परागकण निकामी असतात, तिला एकटीला फळच धरत नाही. म्हणून शेतकरी तिच्या ओळींत सालामिनो जातीचे वेल लावतात. एका शेतकऱ्याने मला ओळीत उभं करून दाखवलं होतं: हा वेल सोर्बाराचा, आणि पलीकडचा सालामिनोचा, तिच्यासाठी. दक्षिणेला टेकड्यांवर कास्तेल्वेत्रोच्या आसपास ग्रास्पारोस्सा. शरदात हिची पानं आणि घडांचे देठ लाल होतात, नावही त्यावरूनच पडलंय. तुम्ही ऑक्टोबरात येताय, म्हणजे पूर्ण उतार लाल झालेला दिसण्याची बरीच शक्यता आहे, आणि तळघरांत आंबणाऱ्या रसाचा वास भरलेला असेल.

चव कशी ओळखायची, याची धास्ती घेऊ नका. वाइनवाले बोलताना ज्या फळाफुलांची नावं घेतात ती आपण कधी खाल्लेलीही नसतात. आपल्याकडे षड्रस आहेत, ते पुरेसे आहेत. सोर्बाराचा रंग फिका गुलाबी-लाल आणि आंबटपणा धारदार. माझ्या जिभेला दर वेळी बिनसाखरेचं कोकम आठवतं. ग्रास्पारोस्सा जांभळट, दाट आणि तुरट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी धरते, तशीच ती धरते. हा तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. आधी आंबट किती, मग तुरट किती, मग गिळल्यावर चव किती वेळ राहते, एवढं तीनच पाहा. क्रम हलकीकडून दाटकडे ठेवा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात उरलेली वाइन ओतणं किंवा थुंकणं यात कुणाचा अपमान होत नाही, ते त्याचसाठी असतं.

आणि मग घास घेऊन पुन्हा प्या. यजमानांना मोर्तादेल्ला चालत असेल तर त्याचा एक पातळ काप आणि वर सोर्बाराचा घोट. तुम्हाला पार्मिजानोचा खडा. तुपकट तोंड त्या आंबटपणाने आणि बुडबुड्यांनी लगेच साफ होतं. या प्रांतातलं खाणं लोणी, चरबी आणि चीजचं, आणि वाइन त्याला उतारा म्हणून घडत गेलेली. हे ताटापाशी बसून जितकं पटतं तितकं तळघरात उभं राहून पटत नाही. तुमच्या तोर्तेल्लोनीबरोबर बोलोन्याच्या टेकड्यांवरची पिन्योलेत्तो मागा, पांढरी, हलकी, पुष्कळदा बुडबुड्यांची. ताल्यातेल्लेबरोबर रोमान्याची सांजोवेझे, लाल, अंगाने भक्कम. हीच सांजोवेझे क्यांतीचीही मुख्य जात आहे, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही फ्रातेल्लीच्या मळ्यांत ती लावलेली आहे. परत गेल्यावर तिथली एक बाटली शेजारी ठेवून चाखा. इथं वेल हिवाळ्यात झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून हिवाळ्याच्या शेवटाला पीक घेतात. एकाच जातीची दोन हवामानांतली चव घरबसल्या कळेल.

मोदेनालाच एक दिवस देताय तर आचेताया, म्हणजे बाल्सामिक सिरक्याची माडी, चुकवू नका. ही माडी घराच्या छपराखाली असते, कारण उन्हाळ्याची उष्णता आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही लागते. द्राक्षाचा रस आटवून लाकडी पिंपांच्या रांगेत ठेवतात. पिंपं मोठ्याकडून लहानाकडे, ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची. दर वर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडं काढायचं आणि ती तूट शेजारच्या मोठ्यातून भरत जायची. ‘त्रादित्सिओनाले’ नाव लावायला निदान 12 वर्षं, ‘एक्स्त्रावेक्क्यो’ला 25. बाटली 100 मिलिलिटरची, ठरलेल्या एकाच आकाराची. दुकानात स्वस्त मिळणारा ‘आचेतो बाल्सामिको दि मोदेना’ हा वेगळा माल. त्यात वाइनचा सिरका मिसळलेला असतो आणि 60 दिवसांत तो तयार म्हणता येतो. रोजच्या सॅलडला तोही चांगला. पण चमच्यावरचा तो जुना, मधासारखा संथ थेंब जिभेवर ठेवला की चिंचगुळाची आठवण येते, आणि ती बराच वेळ जात नाही.

गाडी भाड्याने घेऊ का, हेही बहुतेक जण विचारतात. वाइनच्या दिवशी नको. इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि जुन्या गावांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेली की दंडाची चिठ्ठी महिन्यांनी घरी येते. मोदेनापर्यंत रेल्वे आणि तिथून तळघरापर्यंत टॅक्सी, असं करा. परतीची टॅक्सी तिथल्या लोकांनाच आधी सांगून ठेवायला सांगा, खेडेगावात रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका. आणि तळघरं, माड्या सगळं आधी वेळ ठरवून. रविवारी बरीच बंद असतात.

तुमच्या नऊ रात्रींचं मी असं करेन: मिलान, व्हेनिस आणि पिसा सोडायचं. पाच रात्री बोलोन्या, चार रोम. दोन्हींमध्ये वेगवान गाडी सव्वादोन तासांच्या आसपास. फ्लोरेन्स बोलोन्याहून चाळीस मिनिटांवर आहे, तो एका दिवसात जाऊन येण्याजोगा. बोलोन्यात हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. पहिल्या दिवशी क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजारपेठेच्या गल्ल्यांतून फिरून फक्त बघा आणि वास घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला वर्ग. तिसऱ्या दिवशी मोदेना. चौथ्या दिवशी दुसरा वर्ग, तीच पोळी. पाचव्या दिवशी फ्लोरेन्स, किंवा कुठंच नको आणि संध्याकाळी आपल्याच ओट्यावर तोर्तेल्लोनी. बाजारातून ताजी रिकोटा आणि सेजची जुडी आणा, पिन्योलेत्तोची एक बाटली गार करायला टाका. व्हेनिस सुटणार याची हळहळ मला कळते. ते बघायचंच असेल तर रोमच्या दोन रात्री तिकडे वळवा, पण बोलोन्याच्या पाचांना हात लावू नका.

घरी गेल्यावरचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडची अंडी लहान असतात, त्यामुळे 200 ग्रॅम मैद्याला दोन अंडी आणि वर एक बलक घ्या. पीठ कोरडं वाटलं तर पाणी घालू नका, हात ओला करून मळा. पंखा बंद ठेवा, पोळी पाच मिनिटांत सुकते आणि तोर्तेल्लोनी मिटत नाहीत. घरी परतल्यावर आठवड्याच्या आत पहिली पोळी करा. वाइन भारतात दोन लिटरपर्यंत बिनशुल्क आणता येते, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या आरामात. बुडबुड्यांची एक आणि सांजोवेझेची एक आणा. आणि इथून मात्तारेल्लो जरूर घ्या. 75 सेंटिमीटरचा मोठ्या बॅगेत तिरका बसतो. तो चेक-इनच्याच बॅगेत घाला, हातातल्या सामानात सुरक्षा तपासणीला अडवतात.